सेकंड शिफ्टचा आठवडा आणि एमबीएचा फॉर्म

प्रश्न : मी बडोद्यात मांजलपूरला राहतो. वय ३४. जीटीयूतून (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) इलेक्ट्रिकल बी.ई., सीपीआय (दहापैकी एकूण सरासरी गुणांक) ६.१. पाचव्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते, ते पुढच्या परीक्षेत सुटले. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्स्फॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंग आणि क्वालिटीत सात वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत होतो आणि अगदी सुरुवातीला एक वर्ष अप्रेंटिस. नोकरी सोडणं शक्य नाही. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी तिसरीत आहे, बायको शाळेत शिकवते. एम.एस. युनिव्हर्सिटीचा संध्याकाळचा एमबीए करावा, अहमदाबादच्या आयआयएमचा नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रम बघावा, की घरबसल्या ऑनलाइन डिग्री घ्यावी, हे ठरत नाही. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. साहेब ‘ना हरकत’ लिहून द्यायला टाळाटाळ करतात. निबंधात काय लिहावं तेही सुचत नाही, कारण सांगण्यासारखं मोठं काही माझ्याकडे नाही. ट्रान्स्फॉर्मरच्या तेलाच्या टाकीची गळती शंभरात सातवरून तीनवर आणली, एवढंच. नवीन वेल्डिंग फिक्स्चर (वेल्ड करताना टाकी पक्की धरणारा साचा) मागितलं, तर अकाउंट्सने ते दोनदा परत पाठवलं. प्रवेश परीक्षेची तयारी लगेच सुरू करू का? आणि शेवटचं, माझी शाळा मराठी माध्यमाची. ते फॉर्ममध्ये लिहू की राहू देऊ?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : परीक्षेची पुस्तकं सध्या बाजूला ठेवा आणि गेल्या तीन महिन्यांचं शिफ्टचं रोस्टर काढा. तुमच्या अर्जातली सर्वांत मोठी अडचण तिथे आहे, आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे.

हिशेब मांडू. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात असं चक्र दर आठवड्याला फिरतं, असं धरतो. वर्ग आठवड्यातून पाच संध्याकाळी आणि सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं, तर एकूण ७५ संध्याकाळ होतात. तीनातला एक आठवडा सेकंड शिफ्टचा, म्हणजे २५ संध्याकाळ सरळ गेल्या. उरल्या ५०. एकही सुट्टी न घेता, एकदाही आजारी न पडता हजेरी भरते ६७ टक्के. ७५ टक्क्यांचा नियम असेल तर ५७ संध्याकाळ हव्यात. तुम्ही कितीही हुशार असलात तरी सात संध्याकाळ कुठून आणणार? शिवाय नाइटच्या आठवड्यात नऊला वर्ग सोडून अकराला गेटवर पंचिंग करायचं, तेही तीन वर्षं. अर्धवेळ अभ्यासक्रम मधे सोडणाऱ्या बहुतेकांचं डोकं कमी पडलेलं नसतं, वेळापत्रकच त्यांना बाहेर काढतं. निवड समितीला हे पक्कं माहीत असतं. म्हणून मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘शिफ्टचं काय करणार?’ त्यावर ‘मॅनेज करीन’ हे उत्तर चालत नाही.

तेव्हा साहेबांकडून जे पत्र हवं आहे, त्यात नुसती ‘आमची हरकत नाही’ ही ओळ तुमच्या कामाची नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, जावक क्रमांक आणि तारीख हवी, आणि मजकुरात चार गोष्टी हव्यात: तुम्ही कधीपासून, कुठल्या हुद्द्यावर, पूर्णवेळ नोकरीत आहात, अभ्यासक्रमाचं नाव आणि त्याचा कालावधी, अभ्यासक्रम चालू असताना वर्गाच्या दिवशी तुम्हाला सेकंड शिफ्ट लावली जाणार नाही, किंवा जनरल शिफ्ट दिली जाईल, आणि परीक्षेच्या दिवसांत नियमाप्रमाणे रजा मिळेल. तिसरी, म्हणजे शिफ्टची, गोष्ट सोडून बाकी सगळं मिळालं, तरी पत्र मिळालं असं समजू नका. फी कंपनी भरणार नसेल तर ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द त्या पत्रात कुठेही येऊ देऊ नका. काही ठिकाणी पुरस्कृत उमेदवारांची वेगळी यादी असते. चुकून त्या यादीत गेलात, तर नंतर कंपनीच्या खात्यातून फी भरल्याचा पुरावा मागतात.

साहेब का टाळतात, याचाही विचार करा. बहुतेक वेळा दोन भीती असतात: हा डिग्री घेऊन निघून जाईल, आणि याची सेकंड शिफ्ट कोणाच्या गळ्यात मारू? पहिल्या भीतीवर बोलून फार काही होत नाही. दुसरीवर उपाय तुम्हीच घेऊन जा. टेस्टिंगमधल्या ज्या सहकाऱ्याला सकाळची मोकळीक हवी असते, त्याच्याशी आधी बोला. कोण कुठला आठवडा घेईल, त्याच्या बदल्यात रविवारचं आणि मार्चएंडचं डिस्पॅचचं काम तुम्ही कसं उचलाल, हे एका कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन साहेबांकडे जा. वीज कंपन्यांच्या ऑर्डरी मार्चअखेरीस सुटतात, टेस्ट बे (तपासणीची जागा) रात्रंदिवस चालतो, हे त्यांना तुमच्याआधी आठवतं. मार्चचा उल्लेख तुम्ही आपण होऊन केलात, तर बोलणं सोपं होईल. सही साहेबांचीच लागते असंही नाही. पुष्कळ कंपन्यांत असं पत्र एचआर देतं, साहेबांनी फक्त ईमेलवर संमती द्यायची असते. आणि नेमणूकपत्र एकदा नीट वाचा. नोकरीत असताना दुसरा अभ्यासक्रम करायला लेखी परवानगी लागेल, असं कलम पुष्कळ पत्रांत असतं. ते असेल तर कंपनीला न कळवता प्रवेश घेणं धोक्याचं आहे.

कंपनी जनरल शिफ्ट द्यायला तयारच नसेल तर? मग संध्याकाळच्या वर्गाचा विचार या वर्षापुरता सोडा. हे सांगताना वाईट वाटतं, कारण तुमच्यासाठी एम.एस.चा संध्याकाळचा एमबीए हाच सर्वांत चांगला पर्याय आहे, असं आमचं मत आहे. तो तीन वर्षांचा आहे, गावातला आहे, आणि शेजारच्या बाकावर नंदेसरीच्या केमिकल प्लांटमधला किंवा हालोलच्या कारखान्यातला माणूस बसलेला असतो. त्याच्याकडून जे शिकाल ते स्क्रीनवर मिळणार नाही. पण हजेरीचं गणित जुळत नसेल तर हा मोह टाळायला हवा.

आता इतर दोन वाटा. अहमदाबादच्या आयआयएमचा नोकरदारांसाठीचा दोन वर्षांचा मिश्र पद्धतीचा अभ्यासक्रम बराचसा ऑनलाइन चालतो आणि काही दिवस कॅम्पसवर जावं लागतं. एक्सप्रेस वेने ९३ किलोमीटर, तेव्हा येण्याजाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न पैशांचा आहे: तो सुरू झाला तेव्हा शुल्क २० लाख रुपये जाहीर झालं होतं. घराचा हप्ता चालू असताना एवढा खर्च तेव्हाच करा, जेव्हा पुढच्या पाचेक वर्षांत कारखान्याबाहेर पडून मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापनात जायचं तुमचं नक्की ठरलं असेल. नुसतं ‘नाव मोठं’ म्हणून करू नका.

ऑनलाइन डिग्री वाईट नसते. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फिरती शिफ्ट सुटतच नसेल तर इग्नूचा एमबीएसुद्धा प्रामाणिक पर्याय आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, आणि तुमच्यासारख्याला त्या जादा दोन वर्षांचं मोल फार आहे. मात्र ऑनलाइनच्या बाजारात पदवी आणि सर्टिफिकेट या दोन गोष्टींची सरमिसळ चालते, ती नीट समजून घ्या.

‘आयआयएमचा एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम, अकरा महिने, शनिवार-रविवार’ अशी जाहिरात फोनवर येते. त्यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या शेवटी सर्टिफिकेट मिळतं, पदवी मिळत नाही. शिकवणं चांगलं असू शकतं, पण उद्या सरकारी कंपनीच्या जाहिरातीत ‘एमबीए’ मागितलं, तर ते सर्टिफिकेट चालणार नाही. पदवी द्यायचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आहे, आणि आयआयएमना तो २०१७ च्या कायद्याने मिळाला, जो ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. स्वतंत्र संस्थांचा पीजीडीएम हा एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेने चालणारा डिप्लोमा असतो. म्हणून समुपदेशकाला फोनवर एकच प्रश्न विचारा: शेवटी जो कागद हातात पडेल त्यावर अक्षरशः काय छापलेलं असेल आणि खाली सही कोणाची असेल? उत्तर ईमेलवर मागा. जो लेखी देत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका. सर्टिफिकेट कोर्सच्या फीवर सहसा १८ टक्के जीएसटीही लागतो, आणि जाहिरातीतला आकडा त्याशिवायचा असतो. दोन लाखांचे दोन लाख छत्तीस हजार होतात.

ऑनलाइन पदवीच घ्यायची ठरली, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, हाच अभ्यासक्रम आणि हेच सत्र, अशा तिन्ही गोष्टी यादीत आहेत का ते स्वतः बघा. विद्यापीठ यादीत आहे पण एमबीए नाही, किंवा गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही, असं होतं. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी (याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीवरून निघतो. तुमच्या वतीने काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला ओटीपी देऊ नका. आणि प्रवेश कुठेही घ्या, मूळ मार्कशीट आणि पदवी पडताळून झाल्यावर परत घ्या. संस्थेने मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे.

फॉर्मकडे येऊ. तुमचा सीपीआय ६.१. फॉर्ममध्ये ‘टक्के’ असा रकाना असतो, आणि घाईत माणूस दहाने गुणून ६१ लिहितो. जीटीयूचं सूत्र सीपीआयमधून ०.५ वजा करून दहाने गुणायचं आहे, म्हणजे तुमचे टक्के ५६. पाच टक्क्यांचा हा फरक कागद तपासताना हमखास सापडतो, आणि तिथे तो ‘चूक’ न ठरता ‘खोटी माहिती’ ठरतो. पदवीला ५० टक्क्यांची अट असेल तर ती तुम्ही ५६ वरही पूर्ण करता, तेव्हा वाढवायची गरजच नाही. विद्यापीठाचं रूपांतराचं पत्रक फॉर्मला जोडा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, नापास झालेल्या प्रयत्नाचीसुद्धा. पाचव्या सेमिस्टरची जुनी मार्कशीट हरवली असेल तर आजच दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, महिनाभर हातात असू द्या.

अनुभव दहा वर्षं लिहू नका. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरी मोजतात, आणि अप्रेंटिसचं वर्ष त्यात धरत नाहीत. तुमची नऊ वर्षं, तीही महिन्यांत मोजून: पहिली नोकरी कुठल्या तारखेला सुटली, दुसरी कधी लागली, मधे किती खंड पडला. रुजू झाल्याचं पत्र, सोडल्याचं पत्र, फॉर्म सोळा आणि पीएफचं पासबुक या चारही कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, ते आधी तुम्ही तपासा. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, हे नेहमीचं. ती दुरुस्ती करून घेण्यात आठवडे जातात.

नावाचंही बघा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाई’ चिकटलेलं असतं. फॉर्ममध्ये दहावीच्या मार्कशीटप्रमाणे लिहा आणि सगळीकडे तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या वाचक भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावं.

आता निबंध. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण ‘सांगण्यासारखं मोठं काही नाही’ असं म्हणून त्याच वाक्याच्या पुढे तुम्ही अख्खा निबंध लिहून ठेवला आहे.

गळती सातवरून तीनवर आणलीत. नवीन फिक्स्चर मागितलंत. अकाउंट्सने दोनदा परत पाठवलं. का पाठवलं? कारण तुमच्या मागणीपत्रात बहुधा ‘वेल्डिंगची गुणवत्ता सुधारेल’ असं लिहिलं होतं, आणि अकाउंट्सला हवं होतं ‘किती रुपये वाचतील आणि किती महिन्यांत’. एक गळकी टाकी परत आली की काय काय होतं ते तुम्ही झोपेतही सांगाल: तेल उतरवायचं, जागा साफ करून पुन्हा वेल्ड, पुन्हा प्रेशर टेस्ट, तेल फिल्टर करून भरायचं, बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) बघायचा, टेस्ट बे तेवढा वेळ अडकतो, मागचा जॉब थांबतो, डिस्पॅच पुढे ढकललं की उशिराचा दंड. यातल्या प्रत्येक पायरीला वेल्डरचे तास, तेलाचे लिटर, बेचे तास आहेत. त्यांची किंमत लावणं तुम्हाला कोणी शिकवलं नाही. ‘एमबीए का’ याचं तुमचं उत्तर हे आहे. यापेक्षा खरं कारण शोधूनही सापडणार नाही.

निबंध इंग्रजीतच लिहायचा आहे, पण आशय मराठीत असा मांडून बघा: ‘सात वर्षं मी ट्रान्स्फॉर्मर तपासतो. दोष कुठे आहे ते मला कळतं. तो दोष कंपनीला किती रुपयांना पडतो, हे मला मांडता येत नाही. त्यामुळे गळती शंभरात सातवरून तीनवर आणल्यावर उरलेले तीन घालवण्यासाठी मागितलेलं फिक्स्चर दोनदा नामंजूर झालं. मला खर्चाचं लेखांकन, गुंतवणुकीचा हिशेब आणि विभागाविभागांतली बोलणी शिकायची आहेत.’ यानंतर एक परिच्छेद अर्धवेळच का, यावर: आज शिकलेलं उद्या सकाळी टेस्ट बेवर वापरून बघता येतं म्हणून. नोकरी सोडता येत नाही हे कारण खरं असलं तरी ते एकटंच पुरत नाही. मग एक परिच्छेद वर्गाला तुम्ही काय द्याल यावर. शेवटी शिफ्टची व्यवस्था दोन वाक्यांत, ‘ना हरकत’ पत्राचा उल्लेख करून. पाचशे शब्द मागितले असतील तर चारशे ऐंशीवर थांबा.

गळतीचे आकडे लिहिताना काळ सांगा: कुठल्या महिन्यापासून कुठल्यापर्यंत, किती टाक्यांमागे. आणि तुमचा वाटा किती, ते प्रामाणिकपणे लिहा. इलेक्ट्रोड बदलायचा निर्णय कोणाचा, वेल्डरला प्रशिक्षण कोणी दिलं, तपासणीची जागा तुम्ही तेल भरण्याच्या आधी आणलीत का? मुलाखतीत हेच खोदून विचारतात. ‘आम्ही केलं’ आणि ‘मी केलं’ यांतला फरक तिथे उघडा पडतो. आकडे कंपनीचे गोपनीय असतील तर रुपयांऐवजी टक्के लिहा, ग्राहकाचं नाव टाळा.

जे लिहायचं नाही तेही सांगतो. लहानपणापासूनची आवड, थोर पुरुषांची वचनं, ‘डायनॅमिक’, ‘पॅशनेट’ आणि भाऊबंद. सयाजीराव महाराजांवर एक परिच्छेद लिहायचा मोह बडोद्यातल्या प्रत्येकाला होतो. महाराजांबद्दलचा आदर मनात असू द्या, ती जागा तुमच्या कामाला द्या. राहिलेल्या दोन विषयांबद्दल वेगळा रकाना असेल तरच लिहा, दोन वाक्यांत: कुठले विषय, कधी सुटले. कारण देत बसू नका, घरच्या अडचणींची कहाणी तर नकोच.

शिफारसपत्रासाठी हुद्द्याने सर्वांत मोठा माणूस शोधू नका. डायरेक्टरच्या सहीचं, चार गुळगुळीत ओळींचं पत्र कुचकामी असतं. ज्याने तुम्हाला टेस्ट बेवर भांडताना, चूक कबूल करताना पाहिलं आहे, तो वरिष्ठ निवडा. आधीच्या कंपनीतला चालेल, आणि सध्याचे साहेब कुरकुरत असतील तर तेच बरं. त्यांना तीन आठवडे द्या, आणि तुमच्या कामाचा एक पानाचा गोषवारा द्या: तारखा, आकडे, प्रसंग. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं ते हमखास म्हणतील. तेव्हा नम्रपणे मुद्दे पुढे करा. निबंध आणि दोन्ही शिफारसी एकाच हातच्या असल्या की वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीला कळतं. पत्र कंपनीच्या ईमेलवरून जायला हवं. खासगी ईमेल असेल तर संस्था पडताळणीसाठी अडवू शकते.

परीक्षा. कुठली द्यायची ते अभ्यासक्रमावर ठरतं, म्हणून ती मागे ठेवली. विद्यापीठाची स्वतःची चाळणी असेल तर अंकगणित, तर्क, तक्ते वाचणं आणि इंग्रजी, एवढ्यावर तयारी पुरते. कॅट नोव्हेंबरअखेरीस, दोन तासांची, प्रत्येक विभागाला चाळीस मिनिटं, आणि तिचा निकाल त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता. जीमॅट सव्वादोन तासांची, पंचेचाळीस मिनिटांचे तीन विभाग, गुण २०५ ते ८०५ आणि पाच वर्षं वैध. तुमच्या परिस्थितीत या पाच वर्षांचा फायदा मोठा आहे: शिफ्टचं यंदा जमलं नाही तरी गुण वाया जात नाहीत. फक्त तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला जीमॅट चालते का, हे त्याच्या यंदाच्या माहितीपत्रकात बघून मगच पैसे भरा.

आठवड्याला आठ तास, सोळा आठवडे, म्हणजे १२८ तास. नोकरी करणाऱ्याला एवढंच झेपतं, आणि शिस्तीने केलं तर ते पुरतं. पहिल्याच रविवारी एक पूर्ण सराव पेपर घड्याळ लावून सोडवा, काहीही न वाचता. इलेक्ट्रिकलवाल्याला गणित येतं, पण तो वेळेत मार खातो: बारावीच्या सवयीने प्रत्येक पायरी लिहीत बसतो. जीमॅटच्या गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही, तो फक्त डेटाच्या विभागात असतो. एक चुकांची वही ठेवा. प्रश्न उतरवू नका, चूक कुठल्या जातीची ते लिहा: वाचण्यात, गणितात, की वेळेत. दर रविवारी तीच वही चाळा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात नवीन धडा, सेकंडच्या आठवड्यात सकाळी सराव, नाइटच्या आठवड्यात फक्त वही. नाइट करून आल्यावर सराव पेपर सोडवलात तर गुण पडतील आणि उगाच धीर खचेल.

मुलाखतीआधी स्वतःच्या कंपनीची एक पानाची माहिती काढा: उलाढाल, मुख्य ग्राहक, तांबं आणि सीआरजीओ पत्र्याचे (ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्याचं पोलाद) भाव वाढले की नफ्यावर काय होतं, उधारी किती दिवसांची. खूप इंजिनिअर इथे गडबडतात. सात वर्षं जिथे काम केलं, ती कंपनी पैसे कशी कमावते हे सांगता येत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोड्या शुल्कात बघता येतो. बघाच.

पैशांचं थोडक्यात. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा न घालता आणि साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय देण्याची बँकांची पद्धत आहे. पण पुष्कळ योजना पूर्णवेळ अभ्यासक्रमापुरत्याच असतात, तेव्हा ‘अर्धवेळ चालेल का’ हा प्रश्न शाखेत पहिला विचारा. अशा कर्जावरच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. स्वतःच्या फीवर मुलांच्या फीसारखी वजावट नाही. कंपनी फी भरायला तयार झालीच, तर बाँड वाचा: नोकरी सोडल्यास परत करायची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? दुसरा प्रकार असेल तर सही करू नका.

हे सगळं घरात आधी बोला. संध्याकाळी सहा ते दहा तुम्ही नसाल, म्हणजे मुलीचा अभ्यास आणि स्वयंपाक दोन्ही तुमच्या पत्नीवर जाणार, शाळेतून दमून आल्यावर. त्यांची संमती गृहीत धरू नका. रविवारची सकाळ पूर्ण तुमच्याकडे घ्या, आणि नवरात्रात सबमिशन आलं तरी मुलीला गरब्याला नेणार, हे आत्ताच ठरवून टाका.

आणि मराठी माध्यम. लिहा. फॉर्ममध्ये माध्यमाचा रकाना असेल तिथे ‘मराठी’ असं स्वच्छ लिहा. एम.एस.मध्ये शिकवणं इंग्रजीत चालतं, त्यामुळे मुलाखतीत ‘इंग्रजी झेपेल का’ असं विचारतील. तुम्ही सात वर्षं टेस्ट रिपोर्ट इंग्रजीत लिहिता, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला इंग्रजीत तोंड देता, हे त्याचं उत्तर आहे. अडलात तर वेग कमी करा, वाक्य छोटं करा, चुकलं तर सुधारून पुढे बोला. त्या आधीच्या आठवड्यात गळतीचा प्रसंग इंग्रजीत तीन मिनिटांत मोठ्याने सांगायचा सराव करा, रोज एकदा. ऐकायला मुलीला बसवा. तिला समजलं नाही तिथे वाक्य बदला.